इंग्रजांच्या काळातला व्हाईस

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कुठलीही लोखंडी वस्तू उचलायला जरा जड लागली, की ती 'इंग्रजांच्या काळातली' ठरते. पूल इंग्रजांचा, वाड्याचं कुलूप इंग्रजांचं, आणि लोहाराच्या किंवा वेल्डिंगवाल्याच्या दुकानात ओंडक्यावर ठोकून बसवलेला व्हाईस तर हमखास इंग्रजांचा. "कशावरून?" असं विचारावं, तर उत्तर येतं, "मास्तर, आता असा माल भेटते काय?"

हे उत्तर मी गेली पन्नास वर्षं ऐकतो आहे. उत्तर ठसकेबाज आहे, पण तो पुरावा नव्हे. आणि त्यात एक गोष्ट आपण नकळत कबूल करून टाकतो, ती म्हणजे जे मजबूत ते साहेबाचं आणि जे तकलादू ते आपलं. आज या सवयीबद्दल लिहायचं आहे. निमित्त व्हाईसचं, कारण या एका वस्तूवर तिचा जन्मकाळ बऱ्याचदा चक्क लिहिलेला असतो. आपण तो वाचत नाही, एवढंच.

आमच्या घरातल्या पुण्या-मुंबईच्या आणि त्याहून लांबच्या नातवंडांसाठी आधी हे सांगतो की व्हाईस म्हणजे काय. टेबलाला किंवा ओंडक्याला पक्का बसवलेला हा दोन जबड्यांचा लोखंडी चिमटा. एक जबडा स्थिर, दुसरा पुढे-मागे सरकणारा. मध्ये जाड आट्यांचा स्क्रू आणि तो फिरवायला आडवा दांडा. यात वस्तू धरली की दोन्ही हात मोकळे होतात. मग कानस मारा, हॅक्सॉने कापा, वाकवा, ठोका. पुस्तकी मराठीत याला 'शेगडा' म्हणतात. दुकानात जाऊन शेगडा मागितला तर मात्र दुकानदार तोंडाकडे बघत राहील, म्हणून मी व्हाईसच म्हणणार आहे.

शाळेत मी इतिहास आणि मराठी शिकवलं, लोखंडाशी माझा धंद्याचा संबंध नाही. पण शिलालेखाचा किंवा जुन्या पोथीचा काळ कसा ठरवतात हे मुलांना शिकवताना एक नियम फळ्यावर लिहायचो. वस्तूवर जी सगळ्यात अलीकडची खूण असेल, तिच्या आधी ती वस्तू जन्मलेली असू शकत नाही. पोथीत एखाद्या राजाचं नाव आलं, तर पोथी त्या राजाच्या आधीची नाही. इतका साधा नियम. तोच व्हाईसला लावायचा. दुसरी बाजूही तितकीच साधी आहे. जी गोष्ट अमुक साली बंद झाली तिची खूण असेल, तर वस्तू बहुधा त्याच्या नंतरची नाही. या दोन कुंपणांच्या मध्ये जो काळ उरतो, तेच खरं उत्तर. एकच साल छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर फार भाग्यवान असतो किंवा थापा मारत असतो.

आता वाचायचं कसं ते सांगतो. पहिली गोष्ट, ग्राइंडर आणि तारेचा ब्रश लांब ठेवा. गंज काढण्याच्या उत्साहात अक्षरंच निघून जातात. थोडं डिझेल किंवा रॉकेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी चिंधीने पुसा, हट्टी मळ असेल तर दात घासायचा जुना ब्रश चालतो. मग फळ्यावरचा पांढरा खडू घ्या आणि अक्षरांवरून आडवा फिरवा. उठावाची अक्षरं पांढरी होऊन वर येतात. अक्षरं खोल कोरलेली असतील तर खडूची पूड चोळून वरवर पुसा, खाचेत पांढरं राहतं. तरीही दिसलं नाही, तर अंधारात टॉर्च एका बाजूने तिरपा धरा. आणि लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासायचो, तसा ठसा घ्या. सरकता जबडा पूर्ण बाहेर काढून खालची बाजूही बघा, तिथे बऱ्याचदा आकडे असतात. फोटोपेक्षा शिसपेन्सिलीचा ठसा चांगला, असं माझं मत आहे. फोटोत सावली फसवते, कागद फसवत नाही.

मग वाचायचं काय? देशाचं नाव पहिलं. अमेरिकेने १८९० साली मॅकिन्ली कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्याच सुमारास, १८८७ मध्ये इंग्लंडात आणि १८८९ मध्ये आपल्याकडे मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदे झाले. त्यामुळे देशाचं नाव ठळक असलेला माल बहुधा त्यानंतरचा असतो, आणि 'मेड इन' असे शब्द असतील तर ढोबळमानाने विसाव्या शतकातला. 'वेस्ट जर्मनी' लिहिलं असेल तर तो १९४९ ते १९९० मधला. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ ते १९९२. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची मोजकी वर्षं. भूगोल बदलतो आणि लोखंडावर त्याची तारीख उमटते, हे वर्गात सांगितलं असतं तर मुलांना नकाशे जास्त आवडले असते.

दुसरं, कारखान्याचं किंवा छापाचं नाव. शेफील्डची सी. अँड जे. हॅम्प्टन ही कंपनी १८९८ ची, आणि तिचा 'रेकॉर्ड' हा छाप १९०९ चा. म्हणजे 'रेकॉर्ड' व्हाईस कोणी १८५७ च्या उठावातला म्हणून दाखवला, तर चहा पिऊन उठावं. शिकागोची विल्टन कंपनी १९४१ साली सुरू झाली. त्यांच्या सुरुवातीच्या व्हाईसवर, सरकत्या भागाच्या खालच्या बाजूला महिना आणि साल ठोकलेलं असतं. ते पाच वर्षांची हमी संपण्याचं असतं, त्यामुळे त्यातून पाच वर्षं वजा करावी लागतात. असे अमेरिकी व्हाईस आपल्याकडे क्वचित दिसतात. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल विकला गेला, त्याला जुने लोक 'डिस्पोजलचा माल' म्हणतात. अशा वाटेनेच ते आले असावेत.

तिसरं, पेटंटचा आकडा. इंग्लंडात १९१६ पर्यंत दरवर्षी पेटंटचे आकडे नव्याने एकपासून सुरू होत, म्हणून आकड्याबरोबर साल असतं. त्यानंतर १,००,००१ पासून सलग मोजणी सुरू झाली. अमेरिकेत दहा लाखावं पेटंट १९११ मध्ये आणि वीस लाखावं १९३५ मध्ये निघालं. म्हणजे नुसता आकडा वाचूनही कुंपण घालता येतं. पेटंट निघाल्यावर तीच वस्तू पुढे वीस-तीस वर्षं बनत राहू शकते, हे मात्र विसरायचं नाही. पेटंटचं साल हे अलीकडचं कुंपण आहे, वाढदिवस नव्हे.

आणि चौथं म्हणजे आपल्या देशातल्या खुणा. परदेशी पुस्तकांत या सापडत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

'जीआयपीआर' अशी अक्षरं ठोकलेली असतील तर ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ ला तिची मध्य रेल्वे झाली, म्हणजे तो शिक्का त्याच्या आधीचा. 'आयएसआय' चा शिक्का असेल तर इंग्रजांचा प्रश्नच मिटला. भारतीय मानक संस्था १९४७ ची आणि शिक्का देण्याचा कायदा १९५२ चा. बेंच व्हाईसच्या मानकाचा क्रमांक आयएस २५८६, तोही कधीकधी पट्टीवर असतो. कंपनीच्या नावात 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल, तर १९५६ चा कंपनी कायदा आठवा, ते दोन शब्द नावात घालणं त्या कायद्याने बंधनकारक केलं. भारतीय मालावर जबड्याची रुंदी १०० किंवा १२५ अशी मिलिमीटरमध्ये असेल, तर तो मेट्रिक पद्धतीच्या, म्हणजे १९५६ च्या कायद्याच्या नंतरचा. उलट मात्र खरं नाही. इंच लिहिले म्हणून व्हाईस जुना होत नाही, आपले लोक आजही चार इंची, सहा इंचीच मागतात. आणि विकणाऱ्या दुकानदाराची पितळी पट्टी असेल तर तिच्यावरचा पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. 'बॉम्बे' चं अधिकृत 'मुंबई' १९९५ मध्ये झालं.

धातूही बोलतो, पण जरा कमी विश्वासाने. लोहाराचा पायाचा व्हाईस असतो ना, ज्याचा एक लांब पाय जमिनीपर्यंत जातो आणि घणाचा मार जमिनीला देतो, तो घडीव लोखंडाचा. त्याच्या जुन्या प्रकारात स्क्रू ज्या नळीत फिरतो तिचे आटे वेगळे गुंडाळून आत पितळेने झाळलेले असत. पुढे नळी अखंड धातूतून कापायला लागले. डडलीच्या पीटर राइट कारखान्याच्या व्हाईसवर 'सॉलिड बॉक्स' असे शब्द ठोकलेले असतात ते त्याचसाठी. टेबलावर बसवायचा व्हाईस बहुधा बिडाचा. जबड्याच्या पट्ट्या धरणारे स्क्रू चांदणीच्या खाचेचे असतील तर ते १९३० च्या दशकाच्या आधीचे नाहीत. पण स्क्रू बदलता येतात, रंग तर दर दिवाळीला बदलतो. म्हणून माझा क्रम असा आहे: ओतलेली अक्षरं सगळ्यात खरी, मग ठोकलेली, मग रिबेट केलेली पट्टी, मग स्क्रू, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी ऐकीव गोष्ट. झीज बघून वय सांगणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. बसस्टँडजवळच्या गॅरेजमधला व्हाईस दहा वर्षांत म्हातारा होतो आणि कपाटात ठेवलेला साठ वर्षं नवरदेव राहतो.

आता ऐकीव गोष्टीबद्दल. हे घरातल्या सगळ्यांसमोर मुद्दाम लिहितो आहे.

माझ्या आजोळी, मलकापूरला, मामांचा एक व्हाईस आहे. मामा तिथल्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. घरातली गोष्ट अशी, की साहेब विलायतेला परत जायला निघाला तेव्हा मामांच्या कामावर खूश होऊन त्याने तो व्हाईस त्यांना बक्षीस दिला. ही गोष्ट मी लग्नांत, बारशांत, तेराव्याला ऐकली आहे. गेल्या वर्षी मामेभावाने दुकानाची जागा रिकामी करायला काढली तेव्हा एक गिऱ्हाईक आलं. जुन्या वस्तू गोळा करणारं. 'ब्रिटिश' म्हणून भंगाराच्या कितीतरी पट भाव द्यायला तयार. मामेभाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही इतिहासाचे मास्तर, एक चिठ्ठी लिहून द्या ना की इंग्रजांच्या काळातला आहे म्हणून."

मी खडू मागितला. बुडाच्या कडेला 'मेड इन इंडिया', जबड्याखाली '१२५', आणि मागे दुकानदाराची पितळी पट्टी, तिच्यावर 'बॉम्बे ४०० ००३'. पट्टीची रिबेटं मुळातली, त्यांच्यावर पहिल्या रंगाचा थर अजून तसाच. म्हणजे ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. मामा १९८८ ला गेले आणि शेवटपर्यंत त्याच्यावर काम करत होते, म्हणजे त्याच्या नंतरचा नाही. उरली सोळा वर्षं. या सोळा वर्षांतली एक तारीख घरात सगळ्यांना पाठ आहे. मामांनी नोकरी सोडून बसस्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं ते १९७४ साली. त्यासाठी मामींच्या पाटल्या मोडल्या, हेही सगळ्यांना पाठ आहे. पाटल्या मोडून काय घेतलं, हे मात्र कोणी कधी विचारलं नाही. त्याच पैशाचा हा व्हाईस, असं मी लिहून देणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण साहेबाने दिलेला नाही, एवढं लिहून देतो.

मामेभाऊ नाराज झाला. "दादा, बाबांची एकच तर गोष्ट होती," म्हणाला. त्याचं दुःख मला समजतं. भाव गेला हे वेगळंच, पण गोष्टही गेली. मी त्याला तेव्हा जे म्हणालो तेच इथे लिहितो. बक्षीस मिळालेला व्हाईस मोठा, की बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या मशिनी दुरुस्त करून, बायकोच्या अंगावरचं सोनं मोडून, मुंबईहून मागवलेला स्वतःचा व्हाईस मोठा? पहिल्या गोष्टीत नायक साहेब आहे, मामा नुसते हात पुढे करून उभे आहेत. दुसऱ्या गोष्टीत नायक मामा आहेत, आणि मामीही. मला दुसरी गोष्ट जास्त आवडते. ती खरी असण्याची शक्यताही जास्त आहे, हा आणखी एक फायदा. व्हाईस विकायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही. विकला तर खरं सांगून विकावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

गंमत अशी, की आपल्या जिल्ह्याचा जो खरा इंग्रजांच्या काळातला लोखंडी इतिहास आहे, तो या थापांच्या ढिगाखाली दडून जातो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती. तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडकडे बघायला लागल्या. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. १८७० ला जलंबहून खामगावचा फाटा निघाला, जेमतेम तेरा किलोमीटरचा, आणि तो कापसासाठीच. मग जिनिंग-प्रेसिंग आलं. कापसातून सरकी वेगळी करायचे रोलर जिन आले, इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतले. या मशिनीचा जीव तिच्या रोलरात. रोलरावर चामडं, त्याला घासून स्थिर पाती, आणि वर-खाली होणारी दुसरी पाती. सुरुवातीच्या काळात त्या रोलरासाठी वॉलरस नावाच्या समुद्री प्राण्याचं कातडं वापरत! उत्तर ध्रुवाकडचा प्राणी आणि वऱ्हाडचा कापूस अशी गाठ पडली होती. चामडं झिजतं, पात्यांची धार जाते, अंतर बिघडतं. हंगामात मशीन बंद पडली तर बाहेर बैलगाड्यांची रांग उभी राहते. म्हणून प्रत्येक जिनिंगला एक छोटं वर्कशॉप, त्यात एक लांब लाकडी बाक आणि त्यावर व्हाईस. आणि व्हाईसपाशी एक फिटर.

त्या फिटरचं नाव कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही. कापसाच्या गाठी किती गेल्या, भाव काय होता, कोणता साहेब कधी आला, हे सगळं आहे. आपल्या गावच्या लोहाराच्या, सुताराच्या घरातला जो पोरगा पहिल्यांदा मायक्रोमीटर वाचायला शिकला, तो कुठेच नाही. त्याची खूण उरली आहे ती त्या बाकावर आणि त्या जबड्यावर. म्हणून खरा जुना व्हाईस कुठे सापडला, त्यावर शेफील्ड किंवा शिप्लीचं नाव, जीआयपीआरचा शिक्का मिळाला, तर तो माझ्या लेखी साहेबाची आठवण म्हणून मोलाचा नाही, त्या फिटरची आठवण म्हणून मोलाचा आहे.

आणि 'इंग्रजांच्या काळातला' म्हणजे 'इंग्रजांचा' असंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे बिडाचे नांगर शेतकरी घेईनात, लोखंडाने जमिनीला विष होतं अशी समजूत होती. १९१२ ला जमशेदपूरला पोलाद ओतलं गेलं. राज्य इंग्रजांचं होतं, हात आपले होते. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, गावोगाव आयटीआय निघाल्या. फिटरच्या प्रत्येक पोराला उभं राहायला एक व्हाईस लागतो. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची ओढाताण झाली, बाहेरचा माल आवळला गेला. ही मागणी जालंधर, लुधियाना, बटाला इथल्या ओतशाळांनी भरून काढली. त्यांत फाळणीत सगळं मागे टाकून आलेले कारागीरही होते. माझ्या पाहण्यातले आपल्या भागातले बहुतेक जुने व्हाईस या काळातले आहेत. पन्नास-साठ वर्षं मार खाऊन अजून घट्ट धरतात. आणि आपण त्यांना बक्षीस काय देतो, तर त्यांचं जन्मगाव बदलून टाकतो.

कोणी म्हणेल, मास्तर, चार अक्षरांसाठी एवढा आटापिटा कशाला? लोखंड आहे, वितळवलं की नवीन होतं. हे मला मान्य आहे. जबडा तुटलेला, नट गेलेला व्हाईस वितळवावाच. सगळ्या जुन्या वस्तू जपायला बसलो तर माणसांना राहायला जागा उरणार नाही. आणि चालता व्हाईस काचेच्या कपाटात ठेवणं तर मला मुळीच पसंत नाही. त्याला तेल द्या आणि एखाद्या शिकणाऱ्या पोराच्या हाती द्या. माझं भांडण वितळवण्याशी नाही, न वाचता वितळवण्याशी आहे.

एक उदाहरण सांगतो, शाळेचं नाव सांगत नाही. एका शाळेत जुना टेक्निकलचा वर्ग होता, पुढे तो बंद पडला. व्हाईस, ऐरणी, कानशी खोलीत पडून होत्या. निर्लेखन झालं, लिलाव झाला, माल किलोवर गेला. नियमाने झालं, त्यात वावगं काही नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या मालाबरोबर जुनी डेडस्टॉक रजिस्टरंही रद्दीत गेली. सरकारी भाषेत 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. तीत प्रत्येक वस्तूची खरेदीची तारीख, दुकानाचं नाव, किंमत, बिलाचा नंबर शिक्षकाच्या अक्षरात लिहिलेला असतो. व्हाईसचा काळ ठरवायला याहून चांगला कागद जगात नाही! बाहेरच्या देशांत लोक जुन्या जाहिराती आणि कॅटलॉग शोधत फिरतात. आपल्याकडे प्रत्येक जुन्या शाळेत, आयटीआयत, पंचायत समितीत ही वही आहे, आणि आपण ती किलोवर विकतो. ज्या वहीवरून 'आमच्या शाळेत अमुक साली पंजाबचे व्हाईस आले' हे कळलं असतं, ती गेली की मग उरतं काय? "इंग्रजांच्या काळातले होते म्हणे."

म्हणून माझी मागणी फार लहान आहे. निर्लेखनाची यादी करताना 'व्हाईस, नग ८' एवढंच न लिहिता चार गोष्टी जास्त लिहाव्यात: अंगावरची अक्षरं जशीच्या तशी, जबड्याची रुंदी, कुठून आला ते वहीत असेल तर ती नोंद, आणि शक्य असेल तर तो वापरणाऱ्या माणसाचं नाव. एका व्हाईसला दहा मिनिटं लागतात. आठवी-नववीची पोरं हे काम आनंदाने करतील. खडू शाळेतच आहे. पुरावा म्हणजे काय, अंदाज म्हणजे काय आणि थाप म्हणजे काय, हे तीन धडे त्या दहा मिनिटांत होतात. मी ते शिकवायला पूर्ण तासिका घ्यायचो, आणि तरी मागच्या बाकावरचे झोपायचे.

सिंदखेडराजा आणि लोणार आपल्या जिल्ह्याचे आहेत, त्यांचा अभिमान आहेच. पण एक जिजाऊंचा काळ आणि दुसरा तर लिहिलेल्या इतिहासाच्याही कितीतरी आधीचा. या दोन्हींच्या मानाने कालचा, म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचा काळ आपल्याला सगळ्यात कमी ठाऊक आहे. तो तलवारीत किंवा ताम्रपटात सापडणार नाही. तो जिनिंगच्या बंद वर्कशॉपमध्ये, लोहाराच्या ओंडक्यावर आणि आपल्याच अडगळीच्या खोलीत आहे, आणि त्याच्यावर भंगारवाल्याचा तराजू टांगलेला आहे.

तेव्हा मंडळी, कोणाच्या घरी असा जड, गंजका, 'इंग्रजांचा' व्हाईस असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला खडू लावून बघा. खरंच शेफील्डचा निघाला तर मला आनंद होईल. जालंधरचा निघाला तर जास्त होईल.